बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (जन्म : १९ मार्च १८७६, धारवाड, मृत्यू : ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू आणि राजकीय कार्यकर्ते होते. डाव्या हाताने मंदगती फिरकी गोलंदाजी करणारे बाळू हे मुंबईच्या तिरंगी व चौरंगी क्रिकेट स्पर्धांत हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज होते. धावफलकावर त्यांचे नाव ‘पी. बाळू’ असे लागत असे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघात त्यांनी ११४ बळी घेतले आणि त्या दौऱ्यातील सर्वांत यशस्वी खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून येऊन देशव्यापी कीर्ती मिळविणाऱ्या पहिल्या खेळाडूंमध्ये त्यांची गणना होते. ज्या हिंदू संघासाठी ते सुमारे पंधरा वर्षे खेळले, त्या संघाचे कर्णधारपद त्यांना अधिकृतपणे कधीही मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. हिंदू संघ स्वतः १९४६ नंतर अस्तित्वात राहिला नाही.

कुटुंब आणि बालपण

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील. रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण या गावावरून त्यांना हे आडनाव मिळाले. कुटुंब चांभार समाजातील होते. गावगाड्यातील परंपरागत व्यवसायापलीकडे पाहू इच्छिणाऱ्या अस्पृश्य कुटुंबांना एकोणिसाव्या शतकात लष्कर आणि लष्कराशी संलग्न कारखाने हा एक मार्ग उपलब्ध होता. बाळूंचे वडील अशाच नोकरीत होते. त्यामुळे बाळूंचा जन्म धारवाडला झाला आणि बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले.

छावणीतील इंग्रज अधिकारी फावल्या वेळात क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम हा खेळ शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही खेळाकडे वळले. घरच्या परिस्थितीमुळे बाळूंचे शालेय शिक्षण लवकर थांबले आणि लहान वयातच त्यांना कमाईला लागावे लागले.

पुण्यातील मैदान-सेवक

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणे या कामासाठी त्यांना महिन्याला तीन रुपये मिळत. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याची संधीही मिळे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात रुजू झाले. तेथे पगार चार रुपये होता. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी उभारणे आणि टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे ही त्यांची कामे होती.

क्लबातील एका सभासदाने त्यांना जाळीत गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले आणि त्यांची खरी उमेदवारी तेथे सुरू झाली. जॉन ग्लेनी ग्रेग हे त्या काळातील भारतातील सर्वोत्तम युरोपियन फलंदाजांपैकी एक होते. इतर सभासद येण्यापूर्वीच ते मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर दीर्घकाळ सराव करीत. बाळूंनी बाद केले की ग्रेग त्यांना दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, अनेक वर्षे उत्तम फलंदाजांना तासन्‌तास चेंडू टाकल्यामुळे बाळूंच्या टप्प्यावरील आणि दिशेवरील नियंत्रणाला धार आली, यात शंका नाही. जाळीत त्यांना फलंदाजी मात्र क्वचितच मिळाली. साहेबांनी फलंदाजी करावी आणि नोकराने चेंडू टाकावा, हा तेथील रिवाज होता. पुढील आयुष्यातही बाळू मुख्यतः गोलंदाज म्हणूनच ओळखले गेले, याचे एक कारण या उमेदवारीत सापडते.

पुण्याच्या हिंदू क्लबात प्रवेश

पुण्यातील हिंदूंचा क्लब युरोपियनांना मैदानात आव्हान देऊ पाहत होता. युरोपियन फलंदाजांच्या खेळाची नस ओळखणारा गोलंदाज याच शहरात होता. मात्र तो अस्पृश्य समाजातील असल्याने त्याला संघात घ्यावे की नाही, यावरून सभासदांत मतभेद झाले. तेलुगू सभासद बाळूंच्या बाजूने होते, तर अनेक ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेरीस विजयाची ओढ प्रबळ ठरली आणि बाळूंना संघात घेण्यात आले.

हा प्रवेश मैदानाच्या सीमारेषेपुरताच होता. बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे सहकारी हाताळत, पण चहापानाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर, वापरून टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. जेवणाच्या वेळी त्यांचे पान वेगळे मांडले जाई. हात-तोंड धुण्यासाठी त्यांना पाणी देण्याचे कामही अस्पृश्य समाजातीलच माणसाकडे असे.

बाळूंच्या गोलंदाजीच्या बळावर पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियन संघांविरुद्ध विजय मिळविले. साताऱ्याच्या केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्याची कथा विशेष सांगितली जाते. बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरविला होता. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. या यशानंतर पुण्यात झालेल्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा गौरव केला. लोकमान्य टिळकांनीही जाहीर सभेत त्यांची प्रशंसा केल्याच्या नोंदी आहेत. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर परस्परविरोधी भूमिका घेणाऱ्या या दोन नेत्यांनी एकाच खेळाडूची स्तुती करावी, यावरून बाळूंच्या लोकप्रियतेची कल्पना येते.

मुंबईत आगमन

१८९६ मध्ये मुंबई इलाख्यात प्लेगची साथ सुरू झाली आणि लवकरच ती पुण्यातही पोहोचली. त्याच सुमारास बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करात आणि नंतर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांनी नोकरी केली. रेल्वे, गिरण्या आणि बँका यांचे क्रिकेट संघ असत. त्यामुळे चांगल्या खेळाडूला नोकरी मिळणे सुकर होई आणि नोकरीमुळे खेळही चालू राही. १९०१ साली बंगालमधील नाटोरच्या महाराजांनी उभारलेल्या संघातही बाळू खेळले. त्या संघात वेगवेगळ्या प्रांतांतील उत्तम खेळाडू एकत्र आले होते.

मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या वतीने खेळण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा तेथेही काही सभासदांनी त्यांच्या जातीवरून हरकत घेतली. कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरल्यामुळे बाळूंना प्रवेश मिळाला. मुंबईत आणि पुण्यात एक महत्त्वाचा फरक पडला. येथे बाळू आणि शिवराम यांना इतर खेळाडूंच्या सोबत जेवायला बसता येऊ लागले. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारणावादी पत्राने १९०६ साली हा बदल आवर्जून नोंदविला. तंबूबाहेरच्या मातीच्या भांड्यापासून एकत्र भोजनापर्यंतचा हा प्रवास त्या पत्राला मैदानावरील विजयाइतकाच महत्त्वाचा वाटला होता.

हिंदू संघाची पार्श्वभूमी

मुंबईतील क्रिकेटची संघटना प्रारंभापासूनच समाज आणि जातींच्या आधारावर झाली. १८४८ साली स्थापन झालेला पारशांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब हा भारतीयांचा पहिला क्रिकेट क्लब मानला जातो. हिंदूंचा पहिला महत्त्वाचा क्लब, बॉम्बे युनियन, १८६६ साली निघाला. त्यानंतर गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती आणि तेलुगू खेळाडूंचे वेगवेगळे क्लब उदयास आले. या क्लबांची नावेच त्यांच्या सभासदत्वाची कक्षा सांगणारी होती. १८९४ मध्ये हिंदू जिमखान्याची स्थापना झाल्यावर या जातिनिहाय क्लबांतील उत्तम खेळाडूंना एका झेंड्याखाली आणणारा संघ प्रत्यक्षात येऊ शकला.

१८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांच्यात प्रेसिडेन्सी सामने नियमितपणे होऊ लागले होते. १९०७ मध्ये हिंदूंच्या प्रवेशाने स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये ख्रिस्ती, ज्यू आदी उर्वरित समाजांचा ‘रेस्ट’ संघ सामील होऊन ती पंचरंगी बनली. भारताच्या क्रिकेट जीवनात ही सर्वाधिक गर्दी खेचणारी स्पर्धा होती. रणजी करंडक १९३४ मध्ये सुरू झाल्यानंतरही अनेक वर्षे सामान्य प्रेक्षकांचे आकर्षण मुंबईच्या या स्पर्धेकडेच राहिले.

हिंदू संघाची अडचण त्याच्या नावातच होती. पारशी संघात कोण खेळू शकतो, हा प्रश्न कधी पडला नाही. हिंदू संघात मात्र हिंदू या शब्दाची व्याप्ती कोठपर्यंत, याचे उत्तर दर वर्षी संघनिवडीतून द्यावे लागे. अस्पृश्यांना हिंदूंत मोजायचे की नाही, या राजकीय वादाचे एक मैदान हिंदू जिमखाना ठरले आणि त्या वादाच्या केंद्रस्थानी अनेक वर्षे बाळू पालवणकर राहिले.

१९०६ चा सामना

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन संघांत झालेल्या सामन्याला भारतीय क्रिकेटच्या इतिहासात विशेष स्थान आहे. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांत संपला. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० धावा केल्या आणि त्यानंतर युरोपियनांना १०२ धावांत बाद करून त्यांनी सामना १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी सामन्यात एकूण आठ बळी घेतले. शिवराम पालवणकरही या संघात होते.

राज्यकर्त्यांच्या संघावर मिळविलेल्या या विजयाचा अर्थ लोकांनी मैदानापलीकडेही लावला. बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीचे आंदोलन त्या वेळी ऐन भरात होते. देशी वृत्तपत्रांनी या विजयाचे जोरदार स्वागत केले. सुधारणावाद्यांनी त्यातून आणखी एक निष्कर्ष काढला. सवर्ण आणि अस्पृश्य एकत्र खेळल्यामुळेच हा विजय शक्य झाला, तेव्हा राष्ट्रीय कार्यातही जातिभेद दूर ठेवला पाहिजे, असे प्रतिपादन त्यांनी केले.

गोलंदाजीची शैली

बाळू काही पावलांची सहज धाव घेऊन डाव्या हाताने गोलंदाजी करीत. चेंडू दोन्ही बाजूंना वळविणे, उंची आणि वेग यांत फरक करणे आणि दीर्घकाळ एकाच टप्प्यावर अचूक मारा करणे ही त्यांची वैशिष्ट्ये होती. खेळपट्टी पावसाने ओली झालेली असेल, तर त्यांना तोंड देणे अवघड होई. इंग्लंडचे विख्यात डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना केली जाई. ते चपळ क्षेत्ररक्षकही होते आणि तळाच्या क्रमांकावर येऊन प्रसंगी उपयुक्त धावा करीत.

इंग्लंड दौरा, १९११

भारतीयांचा संमिश्र संघ इंग्लंडला नेण्याचा विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा प्रयत्न, कोणत्या समाजाचे किती खेळाडू घ्यावेत या वादामुळे फसला होता. १९११ साली मात्र पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शीख खेळाडूंचा अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू या संघात होते. त्याच वर्षी पंचम जॉर्ज यांचा राज्यारोहण समारंभ असल्यामुळे महाराज बहुतांश सामन्यांना अनुपस्थित राहिले.

संघाच्या दृष्टीने दौरा अपयशी ठरला. चौदा प्रथम श्रेणी सामन्यांपैकी दहा गमावले गेले आणि केवळ दोन जिंकता आले. परदेशी हवामान, सलग सामने आणि भक्कम कौंटी संघ यांच्यापुढे बहुतेक खेळाडूंचा निभाव लागला नाही. बाळूंची कामगिरी मात्र उठून दिसली. खांद्याच्या दुखण्याने त्रस्त असतानाही त्यांनी दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली.

दोन्ही विजयांत पालवणकर बंधूंचा मोठा वाटा होता. लेस्टरशायरविरुद्ध बाळूंनी दोन्ही डावांत मिळून अकरा बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध भारतीय संघ अवघा एक गडी राखून जिंकला. त्या सामन्यात शिवराम यांनी नाबाद ११३ आणि बाळूंनी ५५ धावा केल्या.

मायदेशी परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाच्या वतीने बाळूंचा जाहीर सत्कार झाला. त्या प्रसंगी दिलेले मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे सांगितले जाते. त्या पिढीतील शिक्षण घेणाऱ्या अस्पृश्य तरुणांना बाळूंच्या रूपाने सर्वमान्य झालेला आपल्यातील एक माणूस दिसत होता.

कर्णधारपदाचा प्रश्न

१९११ नंतर हिंदू संघात बाळूंपेक्षा ज्येष्ठ आणि यशस्वी खेळाडू कोणी नव्हता. त्यांना कर्णधार करावे, ही मागणी त्यांचे चाहते वर्षानुवर्षे करीत राहिले. हिंदू जिमखान्याच्या निवड समितीने दर वेळी सवर्ण खेळाडूचीच निवड केली. कर्णधार हा केवळ क्षेत्ररक्षण लावणारा खेळाडू नसतो. तो संघाचा प्रतिनिधी असतो, समारंभात अग्रस्थानी बसतो आणि सवर्ण सहकाऱ्यांना आज्ञा देतो. बाळूंच्या गोलंदाजीचा स्वीकार करणाऱ्यांना त्यांची आज्ञा स्वीकारणे जड जात होते.

१९१३ साली एम. डी. पै यांची कर्णधार म्हणून निवड झाली. त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात पै यांनी स्वतःच, ज्येष्ठतेच्या नात्याने हा मान आपले मित्र बाळू यांना मिळावयास हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. खेळाडूंमध्ये बाळूंविषयी असलेला आदर आणि निवड समितीची भूमिका यांतील अंतर या प्रसंगातून स्पष्ट होते.

१९२० साली या वादाने उग्र रूप धारण केले. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेच्या वेळी पै आजारी पडले आणि पहिल्या सामन्यासाठी नेतृत्व पुण्याचे डी. बी. देवधर यांच्याकडे सोपविण्यात आले. बाळूंना संघातूनच वगळण्यात आले होते. शिवराम आणि विठ्ठल हे ज्येष्ठ खेळाडू असूनही त्यांचा विचार झाला नाही. निषेध म्हणून दोघा बंधूंनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीर निवेदनाद्वारे मांडली. ज्येष्ठता डावलण्याचे कारण जात हेच आहे, असा त्यांचा स्पष्ट आरोप होता.

या निवेदनाचे पडसाद मुंबईभर उमटले. महात्मा गांधींनी अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न राष्ट्रीय चळवळीच्या कार्यक्रमात आणण्यास सुरुवात केली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली होती आणि राजर्षी शाहू महाराजांनी आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला होता. अशा वातावरणात पालवणकर बंधूंना डावलणे जिमखान्याला परवडणारे नव्हते. पुढच्या सामन्यासाठी पै परतले, शिवराम आणि विठ्ठल संघात आले आणि बाळूंचाही उपकर्णधार म्हणून समावेश करण्यात आला. सामन्यादरम्यान पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळेपुरते संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंना हिंदू संघाचे नेतृत्व करण्याची मिळालेली संधी एवढीच. याच हंगामानंतर त्यांची प्रथम श्रेणीतील कारकीर्द संपली.

पालवणकर बंधू

चारही पालवणकर बंधू हिंदू संघाकडून खेळले. शिवराम हे अष्टपैलू खेळाडू होते आणि दीर्घकाळ बाळूंचे मैदानातील सोबती राहिले. गणपत यांचे १९२० साली अकाली निधन झाले. विठ्ठल हे आपल्या काळातील उत्कृष्ट भारतीय फलंदाजांपैकी एक होते.

१९२३ साली हिंदू संघाचे कर्णधारपद विठ्ठल पालवणकर यांना देण्यात आले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना नमवून स्पर्धा जिंकली आणि उत्साही प्रेक्षकांनी कर्णधाराला खांद्यावर उचलून घेतले. ज्या माणसाची सावलीही विटाळ मानली जात असे, त्याला सवर्ण तरुणांनी खांद्यावर घेण्याची ही घटना त्या काळी बोलकी ठरली. पुढील काही वर्षेही विठ्ठल यांनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. त्यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. पालवणकर बंधूंच्या आयुष्याविषयीची बरीच माहिती या पुस्तकामुळे टिकून राहिली. बाळूंनी स्वतः आत्मचरित्र लिहिले नाही.

सार्वजनिक जीवन आणि डॉ. आंबेडकर

निवृत्तीनंतर बाळू मुंबईतील अस्पृश्य समाजाचे एक मान्यवर नेते म्हणून ओळखले जाऊ लागले. आंबेडकरांनी आपल्या सार्वजनिक जीवनाच्या सुरुवातीच्या काळात बाळूंच्या सत्कार-सभांच्या आयोजनात भाग घेतला होता आणि मुंबई महानगरपालिकेवर त्यांची नियुक्ती व्हावी यासाठीही प्रयत्न केले होते. पुढे मात्र दोघांचे राजकीय मार्ग वेगळे झाले.

गांधींविषयी बाळूंना आदर होता. हिंदू समाजात राहूनच अस्पृश्यांची स्थिती सुधारावी, असे त्यांचे मत होते. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देण्यात आले. त्याविरुद्ध गांधींनी २० सप्टेंबरपासून येरवडा कारागृहात उपोषण सुरू केले. या काळात झालेल्या वाटाघाटींत एम. सी. राजा यांच्यासमवेत बाळूंनी तडजोडीसाठी प्रयत्न केले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचाही समावेश होता. या करारानुसार स्वतंत्र मतदारसंघांच्या जागी संयुक्त मतदारसंघ आले आणि प्रांतिक विधिमंडळांतील राखीव जागांची संख्या ७१ वरून १४८ झाली.

१९३३ मध्ये बाळूंनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महानगरपालिकेची निवडणूक लढविली, पण त्यांना यश आले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवला येथे आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी धर्मांतराला विरोध दर्शविला.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतील भायखळा-परळ भागातील राखीव जागेसाठी स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध बाळूंना उभे केले. ते फारसे उत्सुक नव्हते, असे म्हटले जाते. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. २,०२० मतांच्या फरकाने बाळू पराभूत झाले. एकेकाळी ज्याचे मानपत्र आंबेडकरांनी लिहिल्याचे सांगितले जाते, त्यालाच त्यांच्याविरुद्ध उभे करण्यामागे बाळूंची लोकप्रियता हेच कारण होते. मतांतील कमी अंतर पाहता ही निवड निष्फळ होती असे म्हणता येत नाही.

दोघांच्या भूमिकांतील भेद व्यक्तिगत वैराचा नव्हता. एखाद्याने असामान्य गुण दाखविले की समाज त्याला हळूहळू सामावून घेतो, या विश्वासाला बाळूंच्या आयुष्यात काही आधार होता. मातीच्या भांड्यापासून उपकर्णधारपदापर्यंतचा बदल त्यांनी स्वतः अनुभवला होता. त्याच आयुष्यातून उलट निष्कर्षही निघतो. ११४ बळी घेणाऱ्या माणसालाही कर्णधारपद मिळत नसेल, तर असामान्य गुण नसलेल्या लाखोंनी कशाच्या बळावर वाट पाहावी, हा प्रश्न उरतोच. आंबेडकरांनी त्याचे उत्तर कायदा, संघटना आणि शिक्षणसंस्था यांत शोधले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या वतीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय सुरू झाले.

हिंदू संघाची अखेर

विठ्ठल यांच्यानंतरच्या काळात सी. के. नायडू, विजय मर्चंट अशा खेळाडूंनी हिंदू संघाचा नावलौकिक वाढविला. १९२६ साली मुंबईत एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंकडून खेळताना नायडू यांनी अकरा षटकारांसह १५३ धावा केल्या. भारताला कसोटी दर्जा मिळण्यासाठी अनुकूल वातावरण निर्माण करण्यात त्या खेळीचा वाटा मानला जातो. १९४३-४४ च्या हंगामात रेस्ट संघाविरुद्ध मर्चंट यांनी हिंदूंसाठी नाबाद २५० धावा केल्या आणि प्रतिपक्षाचे विजय हजारे यांनी आपल्या संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या.

मैदानावर लोकप्रियता वाढत असताना स्पर्धेच्या धार्मिक पायाविषयीची अस्वस्थताही वाढत होती. सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० पासून काही वर्षे, स्पर्धा बंद राहिली. १९३७ साली नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरील आसनवाटपाच्या वादातून हिंदू संघाने भाग घेतला नाही. डिसेंबर १९४० मध्ये गांधींनी धर्मावर आधारित संघांच्या या स्पर्धेविषयी नापसंती व्यक्त केली. देश फाळणीच्या दिशेने जाऊ लागला, तेव्हा हिंदू आणि मुस्लिम संघांतील सामना हा केवळ खेळ राहणे कठीण झाले. १९४५-४६ चा हंगाम शेवटचा ठरला. १९४६ मध्ये स्पर्धा बंद करण्यात आली आणि तिच्याबरोबर हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि रेस्ट हे पाचही प्रातिनिधिक संघ इतिहासजमा झाले. यानंतर रणजी करंडक ही देशांतर्गत क्रिकेटची प्रमुख स्पर्धा बनली आणि संघांचा आधार प्रांत हा झाला. हिंदू जिमखाना मुंबईत आजही आहे.

मृत्यू

बाळू पालवणकर यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. सांताक्रूझ येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. विजय मर्चंट यांच्यासह अनेक क्रिकेटपटू आणि दलित समाजातील लोकप्रतिनिधी त्या वेळी उपस्थित होते.

आकडेवारी

बाळू यांनी १९०५-०६ ते १९२०-२१ या काळात ३३ प्रथम श्रेणी सामने खेळले. त्यांत त्यांनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. एका डावात पाच किंवा अधिक बळी घेण्याची कामगिरी त्यांनी १७ वेळा केली. फलंदाजीत त्यांच्या नावावर १३.६९ च्या सरासरीने ७५३ धावा आहेत. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. त्या वेळी बाळूंचे वय ५६ वर्षांचे होते. त्यामुळे त्यांच्या नावावर एकही कसोटी सामना नाही.

वारसा

स्वातंत्र्योत्तर काळात बाळूंचे नाव अनेक दशके विस्मृतीत गेले. कसोटी सामन्यांच्या नोंदींत त्यांना स्थान नव्हते आणि ज्या स्पर्धेत त्यांनी नाव कमावले, ती स्पर्धाच बंद झाली होती. ज्या संघाने त्यांना कर्णधारपद नाकारले, त्याच संघाच्या इतिहासाबरोबर त्यांची कामगिरीही झाकली गेली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ (२००२) या ग्रंथात पालवणकर बंधूंचे चरित्र सविस्तर मांडले आणि त्यानंतर त्यांच्याविषयी नव्याने लेखन होऊ लागले.

देवधर आणि नायडू यांच्या नावाने राष्ट्रीय पातळीवरील करंडक आहेत. बाळूंच्या नावाने तशी स्पर्धा नाही. भारतातील डावखुऱ्या फिरकी गोलंदाजीची परंपरा पुढे विनू मंकड आणि बिशनसिंग बेदी यांनी समृद्ध केली. त्या परंपरेच्या आरंभी पूना क्लबाच्या जाळीत चेंडू टाकणारा, चार रुपये पगाराचा मैदान-सेवक उभा आहे.